मायक्रोकंट्रोलरच्या डिस्प्लेवर मराठी नीट दिसत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध संकलनाचा काटा, पंपाचा कंट्रोल पॅनेल, बसमधला फलक, शाळेच्या प्रयोगातला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर: डिस्प्ले लहान असो की मोठा, मराठी दाखवताना अडचणी बहुतेक त्याच त्या येतात. खालची उत्तरे प्रामुख्याने एलव्हीजीएल (स्क्रीनवर लेबले, बटणे काढणारी लायब्ररी), फ्रीटाइप (फॉन्टमधून अक्षरांची चित्रे काढणारी) आणि हार्फबझ (अक्षरे जुळवणारी) वापरणाऱ्यांसाठी आहेत. कारणे मात्र इतर लायब्रऱ्यांनाही लागू पडतात.

### मराठीच्या जागी चौकोन दिसतात. काही ठिकाणी चौकोन नाहीत, पण अक्षरे विस्कटलेली आहेत. दोष एकच आहे का?

नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. आधी हे ठरवा, नाहीतर दोन दिवस फॉन्ट बदलण्यात जातील.

चौकोन म्हणजे मजकूर बरोबर पोहोचला, पण त्या कोडपॉइंटचे (युनिकोडने चिन्हाला दिलेल्या क्रमांकाचे) चित्र, म्हणजे ग्लिफ, फॉन्टमध्ये नाही. विस्कटलेली अक्षरे म्हणजे ग्लिफ आहेत, पण ते मराठीच्या नियमाने जुळवणारे कुणी नाही. या जुळवणीला शेपिंग म्हणतात. तिसराही एक प्रकार आहे: चौकोन नाहीत, देवनागरीही नाही, प्रत्येक अक्षराच्या जागी दोन-तीन परकी चिन्हे. तिथे एन्कोडिंग, म्हणजे चिन्हांचे बाइटमध्ये केलेले रूपांतर, बिघडलेले असते.

तपासणी नेहमी याच क्रमाने करा: बाइट, कोडपॉइंट, शेपिंग, ग्लिफ, पिक्सेल. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका.

### चाचणीसाठी कोणते शब्द वापरावेत?

'पुणे' आणि 'सातारा' वापरून समाधान मानू नका. हे शब्द शेपिंग नसतानाही बरोबर दिसतात. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये उकार आणि मात्रा यांची रुंदी शून्य असते आणि त्या आधीच्या अक्षरावर आपोआप जाऊन बसतात. त्यामुळे 'मराठी चालतंय' असा समज होतो आणि दोष थेट ग्राहकाकडे निघतो.

जिल्ह्यांचीच नावे घ्यायची तर ही घ्या:

- नाशिक: पहिली वेलांटी 'श'च्या आधी यायला हवी.
- सिंधुदुर्ग: वेलांटी, अनुस्वार आणि रफार तिन्ही आहेत.
- रत्नागिरी: अर्धा 'त' आणि वेलांटी.
- कोल्हापूर: 'ल्ह'.
- चंद्रपूर: 'द्र'.

यात दुसऱ्या, तऱ्हा, ॲप, ऑगस्ट, कॅलेंडर, स्त्री, राष्ट्रीय, ज्ञान, क्षत्रिय, श्री, हृदय, वाङ्मय, उद्ध्वस्त आणि कर्फ्यू हे शब्द जोडा. ही यादी एका स्क्रीनवर टाकून ठेवा आणि फॉन्ट, आकार किंवा लायब्ररीची आवृत्ती बदलली की दर वेळी डोळ्यांनी तपासा.

### फॉन्टमध्ये देवनागरी आहे, तरी चौकोन का?

संगणकावरच्या फॉन्ट फाइलमध्ये असेल, पण तुम्ही बनवलेल्या सी फाइलमध्ये आली का? एलव्हीजीएलच्या फॉन्ट कन्व्हर्टरला जी रेंज देता, तेवढेच ग्लिफ तो उचलतो. देवनागरीचा पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ, म्हणजे १२८ जागांचा आहे. तो दिला तरी पुढची चिन्हे बाहेरच राहतात आणि नेमकी तीच राहून जातात:

- रुपयाचे चिन्ह ₹: यू+२०बी९. हे युनिकोडमध्ये २०१० साली आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये नसते.
- शून्य रुंदीचे जोडक आणि विजोडक: यू+२००डी आणि यू+२००सी.
- वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधून चिकटवलेल्या मजकुरातली वळणदार अवतरणचिन्हे, मधली रेघ आणि तीन टिंबांचे एकच चिन्ह: यू+२०१८ ते यू+२०१डी, यू+२०१३ आणि यू+२०२६.
- अंशाचे चिन्ह: यू+००बी०. तापमान दाखवताना हाच एक चौकोन उरतो.
- न तुटणारी मोकळी जागा: यू+००ए०. दिसायला रिकामी जागा, डिस्प्लेवर चौकोन.

एलव्हीजीएलचा लॉग चालू केलात तर न सापडलेल्या ग्लिफचा कोडपॉइंट तो स्वतःच छापतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तो आकडा वाचा. आकडा ०९०० च्या घरातला असेल तर रेंज चुकली आहे. एफईएफएफ दिसला तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही न दिसणारी खूण आहे, म्हणजे ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट. फाइल 'बीओएमशिवाय यूटीएफ-८' म्हणून जतन करा.

### चौकोनही नाही आणि अक्षरही नाही. लेबल पूर्ण रिकामे आहे.

कन्व्हर्टर बिटमॅप आपणहून दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून लिहितो. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये दाबलेल्या फॉन्टचा आधार चालू नसेल तर ग्लिफ सापडतो, रुंदीही मिळते, पण चित्र उमटत नाही. शब्दाएवढी जागा सुटलेली दिसते ती यामुळे. एकतर 'यूज फॉन्ट कॉम्प्रेस्ड' ही सेटिंग १ करा, नाहीतर कन्व्हर्टरला 'नो-कॉम्प्रेस' सांगून फॉन्ट पुन्हा बनवा. फ्लॅश पुरेशी असेल तर दुसरा मार्ग बरा, कारण दर अक्षराला उलगडत बसण्याचा वेळ वाचतो.

### एका अक्षराऐवजी तीन विचित्र चिन्हे येतात.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. 'क' म्हणजे ई० ए४ ९५. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. एकेका बाइटला स्वतंत्र अक्षर मानणारी लायब्ररी असेल तर 'क'च्या जागी तीन खुणा येणारच. यू८जी२ या डिस्प्ले लायब्ररीत यूटीएफ-८ चे वेगळे फंक्शन आहे, ते वापरा. ॲडाफ्रूट जीएफएक्स या लायब्ररीचे साधे छपाईचे फंक्शन यूटीएफ-८ उलगडतच नाही.

लायब्ररी ठीक असेल तर सोर्स फाइल पाहा. विंडोजवर 'एएनएसआय' म्हणून जतन झालेली फाइल आणि एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात काढलेले भाषांतर, हे दोन नेहमीचे चोर. एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार आहे, तोच निवडा.

खात्री करायची तर स्ट्रिंगचे बाइट सिरियल पोर्टवर हेक्समध्ये छापा. 'नाशिक' या शब्दाचे १५ बाइट यायला हवेत. १५ आले तर एन्कोडिंग निर्दोष आहे, पुढे चला.

कोडमध्ये हेक्स एस्केप लिहिणाऱ्यांनी एक जपावे: सी भाषेत हेक्स एस्केपमागे ए ते एफ यांपैकी अक्षर किंवा कोणताही अंक आला तर तोही एस्केपचाच भाग धरला जातो. तिथे स्ट्रिंग बंद करून पुन्हा उघडा.

### 'नाशिक' लिहिले की वेलांटी 'क'वर जाते. का?

साठवताना क्रम उच्चाराचा असतो: न, ा, श, ि, क. दाखवताना वेलांटी 'श'च्या डावीकडे काढायची असते. शेपिंग नसलेली लायब्ररी आलेल्या क्रमाने काढत जाते, म्हणून वेलांटी 'श'नंतर आणि 'क'च्या आधी पडते. वाचणाऱ्याला 'नाश कि' दिसते. यात फॉन्टचा काही दोष नाही, म्हणून फॉन्ट बदलून फरक पडणार नाही.

जोडाक्षराचेही तसेच. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष असे तीन कोडपॉइंट. 'क्ष'च्या जोडलेल्या आकाराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांकच नाही. तो फॉन्टच्या आत असतो आणि तिथे पोहोचायचे तर फॉन्टमधली जीसब नावाची सारणी वाचावी लागते. कन्व्हर्टर कोडपॉइंटवरून ग्लिफ उचलत असल्याने हे आकार सी फाइलमध्ये येतच नाहीत. रफार, अर्धी अक्षरे, 'त्र', 'श्र', 'द्ध' सगळ्यांची तीच गत.

एलव्हीजीएलमध्ये अरबी-फारसीसाठी आणि उजवीकडून डावीकडे लिहिण्यासाठी सेटिंग्ज आहेत. त्या चालू करून देवनागरीला काही फायदा होत नाही.

### मग उपाय काय?

तीन मार्ग आहेत. मजकूर ठरलेला आहे की वापरणारा तो टाइप करणार, यावर निवड करा.

चित्रे. दहा-वीसच लेबले असतील तर ती संगणकावर रेंडर करून चित्र म्हणून ठेवा. यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काही नाही. वॉशिंग मशीनच्या पॅनेलला एवढे पुरते.

अक्षर-ग्लिफ. मजकूर आधीच ठरलेला आहे, पण भरपूर आहे आणि चिप लहान आहे, तेव्हा आमच्या मते हाच मार्ग उत्तम. इथे 'अक्षर' म्हणजे आपण म्हणतो ते पूर्ण अक्षर: 'क्षत्रिय'मध्ये क्ष, त्रि, य अशी तीन.

१. सगळ्या स्ट्रिंग एकत्र करा आणि त्यांचे एनएफसी, म्हणजे युनिकोडने ठरवलेले एकसारखे, रूप करा.
२. त्यांचे पूर्ण अक्षरांत तुकडे करा: हलन्ताने जोडलेली व्यंजने, त्यामागची मात्रा, मग अनुस्वार. पुनरुक्ती काढून टाका.
३. प्रत्येक अक्षराला युनिकोडच्या खासगी पट्ट्यातला क्रमांक द्या, यू+ई००० पासून पुढे. यू+एफ००० पासूनच्या भागात एलव्हीजीएलचे स्वतःचे आयकॉन बसतात, तिकडे जाऊ नका. ई००० ते ईएफएफएफ या ४,०९६ जागा पुरेशा आहेत.
४. संगणकावर हार्फबझने प्रत्येक अक्षर शेप करा. मिळालेल्या बाह्यरेषा फॉन्टटूल्स या पायथन लायब्ररीने एकत्र करून एकेक ग्लिफ बनवा आणि नवा टीटीएफ फॉन्ट लिहा. ग्लिफची रुंदी म्हणजे त्या अक्षरातल्या सगळ्या ॲडव्हान्सची, म्हणजे पुढच्या ग्लिफपर्यंतच्या अंतरांची, बेरीज.
५. हा टीटीएफ नेहमीच्या कन्व्हर्टरला द्या. बिल्डच्या वेळी स्क्रिप्टने स्ट्रिंगही नव्या क्रमांकांत बदलून घ्या.

चिपवर एकही नवी लायब्ररी लागत नाही. मजकूरही आटोपतो: 'क्षत्रिय'चे २४ बाइट होते, आता ९ होतात. ओळ कुठेही तुटली तरी अक्षराच्या मध्ये तुटत नाही. शेप झालेले सुटे ग्लिफ ठेवून डिव्हाइसवर जोडण्याचा मोह टाळा. रफार आणि मात्रांना आडवे-उभे सरकवणारे आकडे साध्या फॉन्ट रचनेत मावत नाहीत आणि रफार भलत्याच जागी तरंगतो.

चिपवरच शेपिंग. शेतकऱ्याचे नाव टाइप करायचे आहे, सर्व्हरवरून संदेश येणार आहे, तर हार्फबझ आणि फ्रीटाइप यांना पर्याय नाही. बाहेरची रॅम असलेला ईएसपी३२-एस३ किंवा त्या ताकदीचा एसटीएम३२ घ्या. हार्फबझ 'एचबी टायनी' या कॉन्फिगरेशनने बांधा.

### हार्फबझ जोडले, तरी जोडाक्षरे सुटीच दिसतात.

नव्वद टक्के वेळा एकच चूक असते: हार्फबझने दिलेला आकडा हा ग्लिफचा अनुक्रमांक असतो, कोडपॉइंट नव्हे. तो फ्रीटाइपच्या 'लोड कॅर'ला दिला तर भलतीच अक्षरे येतात. 'लोड ग्लिफ' वापरा. आणि मूळ स्ट्रिंगवर पुन्हा फेरी मारून अक्षरे काढत असाल तर शेपिंगचा निकाल वायाच गेला.

अक्षरे बरोबर, पण एकमेकांपासून कोसभर दूर असतील तर ६४ ने भागायचे राहिले आहे. फ्रीटाइपशी जोडलेले हार्फबझ मापे पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागात देते. अंतर चुकतेय, पण एवढे नाही, तर फॉन्टचा आकार हार्फबझ फॉन्ट तयार झाल्यानंतर बदलला गेलाय का पाहा. बदलल्यावर 'एफटी फॉन्ट चेंज्ड' हे फंक्शन बोलवावे लागते.

फॉन्ट छाटून, म्हणजे सबसेट करून घेतला असेल तर जीसब सारणी उरली आहे का तपासा. काही ऑनलाइन साधने ती काढून टाकतात. फॉन्टटूल्सचा सबसेटर दिलेल्या कोडपॉइंटपासून बनणारी जोडाक्षरे स्वतः शोधून ठेवतो. त्याला यू+२००सी, यू+२००डी आणि ठिपक्यांचे वर्तुळ यू+२५सीसी हेही द्या.

### पहिले अक्षर काढतानाच बोर्ड रिसेट होतो.

स्टॅक, म्हणजे टास्कला दिलेली तात्पुरती मेमरी, संपला. फ्रीटाइपचा गुळगुळीत कडा काढणारा भाग एकटाच साधारण १६ केबी स्टॅकवर मागतो, आणि तुमच्या टास्कला ४ किंवा ८ केबी दिलेला असतो. आधी ३२ केबी द्या, सगळे स्क्रीन फिरवून पाहा, मग फ्रीआरटीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'हाय वॉटर मार्क'ने किती उरला ते मोजून कमी करा. ईएसपी-आयडीएफ या ईएसपी३२ च्या विकास-संचात हा आकडा बाइटमध्ये येतो, मूळ फ्रीआरटीओएसमध्ये वर्डमध्ये, म्हणजे ४ बाइटांच्या गटांत. इथे गल्लत झाली तर हिशेब चौपट चुकतो.

### शिरोरेषा तुटक दिसते.

आधी लेबलच्या स्टाइलमधले अक्षरांमधले अंतर पाहा. रोमन लिपीत १ पिक्सेल अंतर छान दिसते, मराठीत त्याने प्रत्येक अक्षराची रेघ कापली जाते. मराठीच्या स्टाइलला ते शून्यच ठेवा.

अंतर शून्य असूनही मधूनच फट पडते, तेव्हा कारण पूर्णांकात बदलण्याचे असते. एलव्हीजीएल रुंदी पिक्सेलच्या सोळाव्या भागात साठवतो आणि काढताना जवळच्या पूर्ण पिक्सेलवर नेतो. १२.४ चे १२ झाले तर रेघा एकमेकींवर चढतात, ते दिसत नाही. १२.६ चे १३ झाले तर फिकी फट पडते. आकार एखाद्या पिक्सेलने बदलून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने जाते. अक्षर-ग्लिफची वाट धरली असेल तर शिरोरेषा दोन्ही टोकांना अर्धा पिक्सेल वाढवून घ्या.

### 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते आणि 'ॲप'मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ येते.

हिंदी चालली म्हणजे मराठी चालली असे नाही, ते इथे कळते.

र, हलन्त, य असे लिहिले की शेपर रफारच देणार, 'सूर्या'सारखा. मराठीतला आडवा 'र' हवा असेल तर ऱ म्हणजे यू+०९३१, मग हलन्त, मग य. काही कीबोर्ड र, हलन्त, यू+२००डी, य असे देतात, तेही ग्राह्य आहे. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण बाइट वेगळे असतात. यादीत नाव शोधायचे असेल तर साठवण्यापूर्वी एकाच रूपात आणा, नाहीतर 'पवाऱ्यांचे' खाते डोळ्यांसमोर असून सापडणार नाही.

'ॲ'साठी स्वतंत्र कोडपॉइंट आहे: यू+०९७२. 'अ'वर चंद्र ठेवून ते बनवले तर हार्फबझ त्या जोडीला अमान्य ठरवून मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घालते. अशा सगळ्या जोड्या भाषांतराच्या फाइलमध्येच शोधून बदला.

### 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात.

महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण ठरवले. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी वळण निघते. हार्फबझच्या बफरला भाषा 'एमआर' अशी स्पष्ट द्या. 'अंदाजाने भरा' या फंक्शनवर विसंबू नका: ते भाषा सिस्टिमच्या लोकेलवरून घेते आणि मायक्रोकंट्रोलरवर तिथे मराठी नसते.

### वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात.

'र्की' आणि 'द्धू' एका ओळीत मावतील एवढी ओळीची उंची हवी. मूळ फॉन्ट रोमन आणि देवनागरी फॉलबॅकला (मूळ फॉन्टमध्ये नसलेल्या अक्षरांसाठी), अशी मांडणी असेल तर उंची रोमन फॉन्टचीच धरली जाते आणि 'र्की'चा माथा उडतो. उलटे करा: देवनागरी मूळ, रोमन फॉलबॅक.

आकाराबद्दल: दर पिक्सेलला १ बिट असेल तर २० पिक्सेलच्या खाली जाऊ नका, 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक उरत नाही. ४ बिटांत १६ पिक्सेल कसेबसे वाचता येतात.

### किती फ्लॅश लागेल?

२० गुणिले २४ पिक्सेलचा ग्लिफ ४ बिटांत २४० बाइट घेतो. असे ३०० ग्लिफ म्हणजे ७२,००० बाइट, साधारण ७० केबी. २ बिटांत निम्मे. प्रत्येक आकाराचा वेगळा हिशेब लागतो, म्हणून एका उत्पादनात दोनच आकार ठेवा. बिटमॅप १ एमबीच्या पुढे गेले तर एलव्हीजीएलमध्ये मोठ्या फॉन्टची सेटिंग चालू करावी लागते, नाहीतर पट्ट्याच्या शेवटची अक्षरे भलतीच निघतात.

### नाव लांब असले की शेवटी चौकोन येतो.

बफरमध्ये अक्षर अर्ध्यात कापले गेले. २० बाइटांच्या बफरमध्ये शेवटचा शून्य सोडून १९ उरतात: ६ चिन्हे आणि सातव्याचा एकच बाइट. कापताना मागे येत जा. ८० ते बीएफ या टप्प्यातला बाइट म्हणजे आपण चिन्हाच्या मध्ये आहोत. तेवढ्याने यूटीएफ-८ वैध होते, पण शेवटी पाय मोडलेले अक्षर लटकू शकते, म्हणून उरलेले शेवटचे चिन्ह हलन्त असेल तर तो आणि त्याआधीचे व्यंजनही सोडा. लेबलच्या 'तीन टिंबे' प्रकारातही हाच प्रश्न येतो.

बॅकस्पेसने मात्र एकेक चिन्ह खोडणे ठीक आहे. मराठी टाइप करणाऱ्यांना तीच सवय असते. कर्सर मात्र पूर्ण अक्षराने हलू द्या.

### लिनक्सच्या बोर्डवर क्यूटी आहे. तिथेही हेच सारे?

क्यूटी या स्क्रीन बनवण्याच्या लायब्ररीत शेपिंग आधीपासून आहे. तिथे अडते ते फॉन्टपाशी: क्यूटी ५ पासून सोबत फॉन्ट येत नाहीत. रूट फाइल सिस्टिममध्ये देवनागरी टीटीएफ टाका आणि क्यूटीच्या फॉन्ट डिरेक्टरीचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तिकडे वळवा.

### कोणता फॉन्ट वापरावा?

नोटो सान्स देवनागरी, लोहित देवनागरी आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, उत्पादनात घालता येतात. विंडोजमधला मंगल उचलून फर्मवेअरमध्ये टाकू नका, त्याचा परवाना तसा नाही.

### जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये आहे.

तो युनिकोड नाही. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली आहेत. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि मग माणसाकडून वाचून घ्या: रफार, आडवा 'र' आणि 'ॲ' यांत कन्व्हर्टर सर्वात जास्त चुकतात, आणि त्या चुका वर दिलेल्या यादीतल्या 'दुसऱ्या', 'कर्फ्यू' आणि 'ॲप' या तीन शब्दांवर लगेच उघड्या पडतात.